बोकडांचं औषध

हरिहरकाका आमच्या वाडीत आले ते होळीच्या आदल्या आठवड्यात. घोडबंदर रोडवरून आत वळलं की टॉवर संपतात, मग डांबर संपतं, आणि डोंगराच्या पायथ्याला आमची मोजकी घरं लागतात. गाडी तिथवर येत नाही. काकांनी ती मागेच लावली आणि पांढरे बूट धुळीत बुडवत चालत आले. मी अंगणात बोकडांना सुबाभळीचा पाला टाकत होते. माझ्या भावाने, चांगदेवने, मला डोळ्यांनीच खुणावलं, बाजूला हो. नवरा गेल्यावर मी माहेरी आले तेव्हापासून त्या अंगणातल्या लेंड्या मी झाडते, आणि मलाच बाजूला हो.

काका आले होते कांतासाठी. कांता म्हणजे चांगदेवची बायको, माझी भावजय. काकांच्या टॉवरमध्ये त्यांच्याकडे ती स्वयंपाकाला जायची. थंडीत तिच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. हॉस्पिटलच्या अंतरा मॅडमनी नीट समजावून सांगितलेलं, आधी केमो, गाठ आटली की ऑपरेशन. वेळेत केलं तर बाई वाचते. तीन केमो झालेल्या. गाठ लिंबाएवढी होती ती सुपारीएवढी झाली, कांताने माझं बोट धरून मला दाखवली. पण केस गेले, तोंडात फोड आले, आणि बोकडांचा वास आला की पोटात ढवळायचं. बोकडांचा वास आमच्या भिंतींनाच आहे, तो कुठून काढणार.

काकांना प्लास्टिकची खुर्ची दिली. कांताने पाणी आणलं. काकांनी ग्लास तोंडाला लावून रिकामा केला आणि वर चहा मागून घेतला. आमच्या घरी आलं की भल्याभल्यांना तहान नसते हो. गावातले लोक अजून उंबऱ्याबाहेरून बोलून जातात. हा एवढा मोठा रिटायर इंजिनियर आमच्या कपातून चहा पितो म्हटल्यावर चांगदेव जागेवरच विकला गेला.

"हे बघा चांगदेवराव," काका फोनवरचं इंग्रजी दाखवत म्हणाले, "केमो म्हणजे विष. गाठीबरोबर माणूसही जळतो. आता जगभर लोक जुनी औषधं वापरतायत. जंतांची, डायबेटिसची. त्यांनी कॅन्सर मरतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. केस जात नाहीत, उलट्या नाहीत. मग हॉस्पिटल हे तुम्हाला का सांगत नाही? कारण स्वस्त औषधात कुणाचाच फायदा नसतो."

ही शेवटची गोष्ट आम्हाला काय, अर्ध्या झोपेतही पटली असती. मोठी माणसं गरिबाला लपवूनछपवून गंडवतात, हे आम्ही रस्ता रुंद होताना बघितलेलं, टॉवर उभे राहताना बघितलेलं. माझा राग तिथेच आहे. काकांनी आमचंच खरं दुखणं उचललं आणि त्यावर आपलं खोटं बसवलं.

"आणि काकूंना पण हेच दिलं ना?" कांताने विचारलं.

"सहा वर्षं झाली. रोज या गोळ्या. परत उलटून काही आलं नाही."

कांताने मान डोलावली. सरोजकाकूंना ती रोज बघायची. गालावर लाली, खुडबूड चाललेली, कोणी म्हणणार नाही की या बाईला कधी काही झालेलं.

मी बोलले, "मग मॅडमना विचारू की. केमो पण घेऊ दे, गोळ्या पण खाऊ दे."

काका हसले. "डॉक्टरांना नका सांगू. ते चिडतात. त्यांचं शिक्षण एका चौकटीतलं असतं."

"ताई, तू गप," चांगदेव बोलला. "तुला काय कळतं त्यातलं?"

आमच्या बापाने या वाडीतून भगत हाकलून दिलेला. लिंबू, अंगारा, गंडा, काही म्हणजे काही आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि बापाचं एकच सांगणं, शिकलेल्या माणसाचं ऐका. कोणी लिंबू घेऊन आला असता तर चांगदेवने त्याला हायवेपर्यंत पिटाळला असता. हा फोनमध्ये इंग्रजी घेऊन आला, म्हणून त्याला खुर्ची दिली.

काका गोळ्यांची पाकिटं देऊन गेले, आणि कांताची पुढची केमोची तारीख आली आणि गेली. हॉस्पिटलातून फोन आला तर चांगदेवने तो वाजू दिला.

आणि कांता सुधारली. हेच तर दुखतं. केमो बंद झाली तशा उलट्या थांबल्या, ती भाकरी खायला लागली, डोक्यावर बारीक केस उगवले. सकाळी उन्हात बसून बोकडांसाठी मक्याचा भरडा आणि हरभऱ्याचा भुसा कालवायची. वाडीतल्या बायका बघून जायच्या. "बघ ताई," चांगदेव मला बोलायचा, "तू नुसती करवादत असतेस." मी बोलले, अरे मार थांबला की कोणाला पण बरं वाटतं, म्हणून दुखणं गेलं का? पण माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोघं माझ्याशी बेताचंच बोलायला लागले.

यंदा बकरी ईदचे बोकड तयार करायचे होते आणि उन्हाने जीव काढलेला. डोंगराच्या कडेला कुंपण घातल्यापासून पाला जवळ मिळत नाही. चांगदेव उजाडायच्या आधी आकडी खांद्यावर घेऊन वर जायचा, लांबून फांद्या ओढायचा, आणि भारा डोक्यावर घेऊन उतरायचा तेव्हा त्याच्या मानेची शीर टरारलेली असायची. मी टँकरचं पाणी ओढायचे, बोकड धुवायचे, खूर कापायचे. बोकडांना चैत्रात जंताचं औषध पाजतात. पोटातले जंत पडले की अंग धरतात. ते काम चांगदेवचं. मांडीत धरून जबडा वर करायचा आणि गालात सिरिंज घालून पांढरं औषध सोडायचं. बिनसुईची मोठी सिरिंज असते, गोठ्यातच खुंटीला लटकते.

"औषध पाजलंस का रे?" मी विचारलेलं.

"पाजलं."

तरी बोकड अंग धरेनात. दाणा खायचे आणि हाडं वर. मग एका सकाळी मोठ्या काळ्या बोकडाच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबलेली दिसली. मी त्याची पापणी उलटी केली, आत पांढरी फटक. जंतांनी रक्त प्यायलेलं.

त्याच दिवशी कांता ओट्यावर पाय खाजवत बसली होती. नखांनी कातडीवर पांढरे ओरखडे उठलेले. जेवणाला नको नको करत होती. मी तिची हनुवटी धरून उजेडाकडे केली. डोळे हळदीसारखे पिवळे.

"कांता, अगं हे कधीपासून?"

"झोप नाही ना ताई. उष्णता झालीय."

मी चांगदेवचं काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन हॉस्पिटल गाठलं.

अंतरा मॅडमनी तिला टेबलावर झोपवलं. मग छाती तपासली, काख तपासली, पोटावर बोटं दाबली. कांता कळवळली. "केमो का सोडली?" त्यांनी चांगदेवकडे बघितलं. "दुसरं काही चालू आहे का? काढा, जडीबुटी, कोणी दिलेल्या गोळ्या? मी रागावणार नाही, पण खरं सांगा."

"नाही मॅडम," चांगदेव बोलला.

"नाही काय?" मी बोलले. "हिच्या कामावरच्या काकांनी गोळ्या दिलेल्या. जंताच्या."

"त्या कधीच बंद केल्या," चांगदेव जमिनीकडे बघत बोलला. "थोडेच दिवस खाल्ल्या. शपथेवर सांगतो."

मॅडमनी सुस्कारा टाकला. बोलल्या, मग लिव्हरमध्ये पसरलेला दिसतोय. स्कॅन होऊ दे. तसंच निघालं तर ऑपरेशनचा उपयोग नाही, मग आपण फक्त त्रास कमी करायचा. हे त्या कांतासमोरच बोलल्या, तिचा हात धरून बोलल्या. कांताने पदर नीट केला आणि विचारलं, "मग मी किती दिवस कामाला जाऊ शकेन?" मॅडमनी चष्मा काढून पुसला.

माजिवड्याला आम्ही बस बदलली. कांता खिडकीशी बसून मनगट खाजवत होती.

घरी आल्यावर मी कामाला लागले. रडत बसले असते तर बोकडांनी वाट बघितली असती का? काळ्याला औषध पाजायलाच हवं होतं. गोठ्यात गेले तर खुंटीला सिरिंज नाही. पेंडीच्या पोत्यामागे नाही. पाण्याच्या पिंपाजवळ नाही. घरात आले, पाणी प्यायला मांडणीकडे वळले, तर तिथे, स्वच्छ धुऊन, कांताच्या कपाच्या शेजारी सिरिंज पालथी घातलेली.

मी ती उचलली. चांगदेव दारात उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो खाली बसला, पोत्यासारखा.

"काकांनी फोनमध्ये बघितलं, ताई. बाटलीचा फोटो काढून मी त्यांना पाठवलेला. ते बोलले, सेम आहे. जे गोळीत आहे तेच यात आहे. मग गोळ्या कशाला त्यांच्याकडून मागायच्या, घरात आहे की. मी मापात दिलं. वजनावर. बोकडाला देतो तसंच."

"बोकडाला वर्षातून दोनदा देतोस. हिला?"

"रोज." मग हळूच बोलला, "लवकर बरी व्हावी म्हणून."

त्या घरात मी इतकी कधी ओरडले नव्हते. काय काय बोलले ते सांगत नाही, ते बोलण्यासारखं नव्हतं. शेवटी एवढंच विचारलं की मेल्या, आज मॅडमनी तोंड फाडून विचारलं तेव्हा तुझी दातखीळ का बसली?

"काय सांगू?" त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "बायकोला बकऱ्याचं औषध पाजलं, हे सांगू? त्या शिकल्यासवरलेल्या लोकांपुढे? ते काय समजतील आपल्याला, ताई? बोलतील, ही माणसं अशीच."

बापाने शिकलेल्याचं ऐका सांगितलं, आणि याने शिकलेल्यासमोर लाज वाटते म्हणून बायको मरणाच्या दारात नेऊन बसवली. आतून कांता बोलली, "त्यांना नका ओरडू. मीच नको सांगू बोललेले. काकांना मी शब्द दिलाय, ताई. डॉक्टरला नाही सांगणार म्हणून. बरी झाले की ते कामाला परत घेणार आहेत."

"घेतील हो," मी बोलले. "तिरडीला खांदा द्यायला पण तेच येतील."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोघांना किती आणि काय बोलणार. मी बाटली पिशवीत घातली.

सकाळी ती मॅडमच्या टेबलावर ठेवली. बाटलीवर शेळी आणि मेंढीचं चित्र. मॅडमच्या मागे दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, त्यातल्या एकाला हसू आलं. चांगदेवने ते बघितलं. त्याचे कान लाल झाले, पण तो उठून गेला नाही. मॅडमनी त्या पोराला बाहेर जायला सांगितलं आणि चांगदेवला बोलल्या, "बसा. रोज किती, कधीपासून, सगळं सांगा. तुमच्या सांगण्यावर हिचं सगळं अवलंबून आहे."

चांगदेवने सांगितलं. एकदाही वर न बघता, पण सगळं सांगितलं.

"जुनी औषधं कॅन्सरवर चालतात का, याच्यावर खरंच अभ्यास चाललाय," मॅडम बोलल्या. "उद्या एखादं चाललं तर मीच लिहून देईन. पण प्रयोगशाळेत काचेच्या बशीत कॅन्सर फिनेलनेसुद्धा मरतो. म्हणून आपण माणसाला फिनेल पाजत नाही." त्यांचा आवाज चढलेला, पण आमच्यावर नाही, एवढं मला कळलं.

कांताला ठेवून घेतलं. औषध बंद झालं, सलाइन लागली, पंखा नसलेल्या कोपऱ्यात मी तिच्या पायाशी बसून असायचे. डोळ्यांतलं पिवळं हळूहळू उतरलं. स्कॅन आला. लिव्हरमध्ये कॅन्सर नव्हताच. बोकडाचं औषध होतं. मॅडमना खरं कळलं नसतं तर माझ्या भावजयीला वाचण्यासारखी असताना घरी मरायला पाठवलं असतं, आणि आम्ही वाडीभर सांगत फिरलो असतो की कॅन्सरने गेली.

पण सुपारीएवढी झालेली गाठ या काळात बटाट्याएवढी होऊन बसली होती. वरची कातडी धरलेली, काखेतही गेलेली. मॅडम बोलल्या, "परत केमो, मग ऑपरेशन. मी पूर्ण जोर लावणार. पण मार्चमधली कांता आणि आत्ताची कांता, यांच्यात फरक आहे. मी खोटं बोलणार नाही."

ते ऐकून मी थेट काकांच्या टॉवरला गेले. वॉचमनने कामवाल्यांच्या लिफ्टकडे बोट दाखवलं. मी साहेबांच्या लिफ्टने वर गेले.

काकांनी ऐकून घेतलं. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. मग बोलले, "हे पहा मंजुळाबाई, प्राण्यांचं औषध रोज द्या असं मी कधीच म्हटलं नव्हतं. प्रमाण चुकलं. आणि एका केसवरून असा निष्कर्ष काढता येत नाही."

"बरी झाली ती एकच केस तुम्ही गावभर सांगत फिरता," मी बोलले. "आणि मरायला टेकली ती मोजायची नाही होय?"

ते काही बोलणार तेवढ्यात सरोजकाकू आतून आल्या. कणकेचा हात तसाच. "मंजुळाबाई, माझं ऑपरेशन झालंय," त्या म्हणाल्या. "एक बाजू काढलीय. नंतर रेडिएशनचा शेकही घेतला, सगळा. गोळ्या त्याच्यानंतरच्या. हे तेवढं सांगायचं ते दर वेळी विसरतात."

"सरोज, तो मुद्दा नाही," काका म्हणाले.

मला तर काकूंचाच जास्त राग आला. "तुमच्या शेजारी उभी राहून ती पोळ्या लाटायची. तिला दुखणं निघाल्यावर एवढं सांगायला तुमचं काय जात होतं?"

काकूंनी मान खाली घातली. बोटांवरची कणीक खरवडत बोलल्या, "लाज वाटायची हो. अंगाचं कुणाला कसं सांगायचं." मग काकांकडे न बघता म्हणाल्या, "रविवारी यांची मीटिंग असते खाली क्लबहाउसात. पेशंटचे नातेवाईक येतात. तुम्ही कांताला घेऊन या. आधी मी बोलेन, मग ती."

कांताला तोवर घरी सोडलेलं, ती आली. डोक्याला स्कार्फ, हाताला चांगदेवचा आधार. एसी लावलेला, खुर्च्या भरलेल्या, समोर काका. सरोजकाकू आधी उठून स्वतःच्या ऑपरेशनबद्दल बोलल्या, सरळ, सगळ्यांसमोर. काका खिशात काहीतरी शोधत राहिले. मग कांता उभी राहिली. तिला कधी चार माणसांत बोलायची सवय नाही. "मी कांता. यांच्याकडे स्वयंपाकाला होते," ती बोलली. "मी केमो सोडून बकऱ्याचं औषध प्यायले. माझं लिव्हर गेलं होतं. गाठ वाढली. यांनी डॉक्टरला सांगू नका बोललं, म्हणून मी सांगितलं नाही. तुम्ही सांगा. एवढंच."

मग मागून एकाने विचारलं, कोणती कंपनी होती? दुसरा बोलला, माणसांचं घेतलं असतं तर असं झालं नसतं ना? काका लगेच उभे राहिले, हा फार चांगला प्रश्न आहे म्हणाले. उंटावरचे शहाणे. मी कांताला धरून बाहेर काढलं.

गेटपाशी एक माणूस मागून धावत आला. महेंद्र नाव, डोंबिवलीहून आलेला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. "ताई, एक मिनिट. ती बाटली अजून आहे का तुमच्याकडे?"

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "कानात बोळे घातलेले का रे आत? ही बाई काय सांगत होती?"

कांताने माझा हात दाबला. त्याला विचारलं, "कोणाला आहे?"

"पोरीला. पायल नाव. एक केमो झाली, दुसरीला नाही बोलते. केस गेले तर मरेन बोलते." त्याने फोनमधला तिचा फोटो पुढे केला. "मी काय करू?"

कांताने स्कार्फ मागे ओढला. डोक्यावरचे बारीक उगवलेले केस त्याला दाखवले. "मंगळवारी माझी आहे. तिला घेऊन ये. माझ्या बाजूला बसव. मी तिचा हात धरते." त्याने नंबर दिला, नक्की येतो बोलला, आणि तिच्या पाया पडायला वाकला.

मंगळवारी कांताने शेजारच्या खुर्चीवर स्वतःची पिशवी ठेवून जागा धरली. हाताला सुई लागली, बाटली अर्धी झाली, तरी ती दाराकडेच बघत होती. सिस्टर दोनदा पिशवी उचलायला सांगून गेली. शेवटी मी बाहेर जाऊन महेंद्रला फोन लावला.

"नाही येत, ताई," तो बोलला. "काकांनी परवाच गोळ्या दिल्या. माणसांच्या आहेत, सेफ आहेत. त्यांनी तुमच्या केसवरून प्रमाण पण बदललंय."

तुमच्या केसवरून. मी आत येऊन हे कांताला जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना मला रडू फुटलं, रागाने. कांताने मोकळा हात पुढे केला.

"फोन दे. बापाशी नाही बोलायचं मला, पोरीला द्यायला सांग."

बऱ्याच वेळाने पलीकडून बारीक आवाज आला.

"पायल, मी कांता," ती बोलली. "बकऱ्याचं औषध प्यायलेली बाई. घाबरतेस ना? मी पण घाबरते. तू कुठे राहतेस, घर सांग मला. आज माझी सुई निघाली की मीच येते तुला न्यायला."